स्टेशनच्या पाटीवर दारियसचा शब्द

तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी पॅसेंजर गोबरवाही सोडते आणि थोड्याच वेळात एका छोट्या स्टेशनावर थांबते. पाटीवर नाव आहे : डोंगरी बुजुर्ग. सहावीत शिकणारी माझी भाची खिडकीला नाक लावून बसली होती. तिनं पाटी वाचली आणि विचारलं, "मामाजी, बुजुर्ग म्हणजे म्हातारं ना? ही डोंगरी म्हातारी झाली म्हणून असं नाव ठेवलं का?"

एका अर्थी तिचं बरोबरच होतं. इथल्या डोंगरांत मँगनीजची मोठी उघडी खाण आहे, आणि ज्या खडकांत हे मँगनीज सापडतं ते पृथ्वीवर प्राणी-पक्षी जन्मायच्याही आधीचे आहेत. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी भरलेली असते ना, तिच्यासाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड या खाणीतून निघतं. पण गावाला बुजुर्ग म्हटलं ते खडकांच्या वयावरून नाही. एकाच नावाची दोन गावं असली की मोठं कुठलं आणि छोटं कुठलं हे कागदावर लिहावं लागायचं. मोठ्याला बुजुर्ग म्हणायचं, छोट्याला खुर्द. बुजुर्ग म्हणजे मोठा, थोरला. खुर्द म्हणजे छोटा, धाकटा. पुण्याकडच्या लोकांच्या तोंडी बुजुर्गचं झालं बुद्रुक. वडगाव बुद्रुक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एसटीच्या पाट्यांवर 'बु.' आणि 'खु.' दिसतात, ते हेच. आजी-आजोबा सुट्या नाण्यांना खुर्दा म्हणतात, तोही या खुर्दचाच.

हे दोन्ही शब्द फारसी आहेत. फारसी म्हणजे इराणची भाषा. मुघलांच्या आणि दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांमध्ये जमिनीची, साऱ्याची दफ्तरं फारसीत लिहिली जात. आपल्याकडे देवगडचे गोंड राजे होते. ज्यानं नागपूर वसवलं त्या राजाचं नाव बख्त बुलंद शाह. हे तीनही शब्द फारसी! बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. त्यातला बख्त आपल्या 'भाग्य' शब्दाचा दूरचा भाऊ आहे. भाऊ कसा, ते पुढे सांगतो.

गाडी सुटली. भाची म्हणाली, "म्हणजे हा शब्द तीनशे-चारशे वर्षं जुना?"

नाही. हा शब्द अडीच हजार वर्षं जुना आहे, आणि तो एका राजानं डोंगराच्या कड्यावर कोरून ठेवलेला आहे.

इराणच्या पश्चिमेला केरमानशाह शहराजवळ बेहिस्तून नावाचा एक उभा कडा आहे. इ. स. पू. ५२० च्या सुमारास दारियस नावाच्या सम्राटानं त्यावर आपली हकिगत कोरून घेतली. एकदा नाही, तीनदा : जुन्या फारसीत, एलामी भाषेत आणि बाबिलोनी भाषेत. सुरुवातीलाच तो आपली ओळख करून देतो, आणि त्या ओळखीत दोन शब्द येतात : 'ख्शायथिय वझ्रक'. म्हणजे 'राजा मोठा', थोर राजा. आता हे दोन शब्द जरा मोठ्यानं म्हणून पाहा. हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळून ख्शायथियचं झालं शाह. वझ्रकचं आधी झालं वुझुर्ग, मग बुझुर्ग. तोच आपला बुजुर्ग. दारियसनं कड्यावर स्वतःसाठी कोरलेलं विशेषण आज भंडारा जिल्ह्यातल्या एका स्टेशनच्या पाटीवर आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती.

हा दारियस होता तरी किती मोठा? त्याच्या आधी कुरुश नावाच्या राजानं, ज्याला ग्रीक लोक सायरस म्हणत, इ. स. पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकलं होतं. दारियसच्या काळात हे राज्य आपल्या सिंधू नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरलं. या घराण्याला हखामनी म्हणतात. एवढं मोठं राज्य चालवायचं तर निरोप लवकर पोचायला हवेत. म्हणून सूसा ते सार्दिस असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजरस्ता होता. हेरोडोटस या ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय की त्यावर १११ मुक्काम होते, आणि चालत गेलं तर ९० दिवस लागत. पण राजाचा निरोप चालत जात नसे. घोडेस्वार एका मुक्कामावर थैली दुसऱ्याच्या हातात देई, तो घोडा फेकत पुढच्याला देई. रिले शर्यतच म्हणा ना!

दारियसनं एक नवी राजधानीही बांधायला घेतली. ग्रीक लोक तिला पर्सेपोलिस म्हणत. तिच्या जिन्याच्या भिंतीवर देशोदेशीची माणसं राजाला भेटी घेऊन निघाली आहेत असं चित्र दगडात कोरलेलं आहे. त्यात सिंधूकाठची आपली माणसंही आहेत. कमरेला धोतरासारखं वस्त्र, सोबत एक गाढव, आणि एकाच्या खांद्यावर काय असेल? कावड! आडवी काठी आणि दोन्ही टोकांना पारडी. पारड्यांत पिशव्या आहेत, त्यांत सोन्याची भुकटी असावी असं अभ्यासक मानतात. कावडीनं पाणी आणणारा माणूस पाहिलेलं कुणीही मूल ते चित्र बघून लगेच ओळखेल.

इ. स. पू. ३३० मध्ये सिकंदरानं पर्सेपोलिस जाळलं. राज्य गेलं. आणि काही शतकांनी आणखी एक गोष्ट झाली : ती कोरलेली अक्षरं वाचणारं पृथ्वीवर कुणीच उरलं नाही.

ती अक्षरं दिसतात कशी, ठाऊक आहे? धानाच्या बांधीत चिखलावर पाखरं फिरून गेली की जसे ठसे उमटतात ना, तशी. छोटे छोटे खिळे, काही उभे, काही आडवे, काही तिरपे. म्हणून त्यांना कीलाकार लिपी म्हणतात. कील म्हणजे खिळा. पर्सेपोलिसला जाऊन आलेल्या कार्स्टन नीबूर नावाच्या प्रवाशानं ती चिन्हं हुबेहूब उतरवून युरोपात नेली होती. पण पुढे काय? भाषा ठाऊक नाही, अक्षर ठाऊक नाही, सोबतीला भाषांतर नाही. अशा कुलपाला किल्ली कुठून आणायची?

किल्ली सापडली १८०२ साली. जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावात ग्रोटेफेंड नावाचा सत्तावीस वर्षांचा शाळामास्तर होता. त्याला कोडी सोडवायचा नाद. त्यानं काय केलं ते नीट ऐका, कारण यातलं काहीही तुम्हाला जमण्यासारखं आहे.

त्यानं दोन छोटे लेख समोर ठेवले. दोन्हींत काही शब्द पुन्हा पुन्हा येत होते. इराणच्या नंतरच्या राजांचे लेख तेव्हा वाचले गेले होते आणि त्यांत ठरलेला साचा होता : अमुक, मोठा राजा, राजांचा राजा, तमुकचा मुलगा. ग्रोटेफेंड म्हणाला, सवय एवढी लवकर जात नाही. जुन्या राजांनीही असंच लिहिलं असणार. मग पुन्हा पुन्हा येणारा तो शब्द 'राजा' असला पाहिजे, आणि त्याच्यामागून येणारा 'मोठा'. लक्षात आलं ना? ख्शायथिय आणि वझ्रक! उच्चार अजून कळला नव्हता, पण अर्थ कळला होता.

आता गंमत पुढे आहे. एका लेखात होतं : क, मोठा राजा, ख राजाचा मुलगा. दुसऱ्यात होतं : ख, मोठा राजा, ग चा मुलगा. आणि या ग च्या पुढे 'राजा' हा शब्दच नव्हता. म्हणजे आजोबा राजा नव्हते, बाप राजा झाला, मुलगाही राजा झाला. इराणच्या इतिहासात असं घर कोणतं? कुरुश आणि त्याचा मुलगा कंबुजिय? नाही, त्या दोघांची नावं एकाच अक्षरानं सुरू होतात आणि लेखातल्या नावांची पहिली अक्षरं वेगळी होती. दारियस मात्र चपखल बसत होता. त्याचा बाप विश्तास्प कधीच राजा नव्हता, आणि त्याचा मुलगा खशायार्श, म्हणजे ग्रीकांचा झर्क्सीज, राजा झाला. बसली तीन नावं! नावं बसली की अक्षरं सुटतात, एक एक करून.

सगळी अक्षरं काही त्याला बरोबर लागली नाहीत. उरलेलं काम पुढच्यांनी केलं. त्यातला एक होता रॉलिन्सन, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. तो १८३५ पासून बेहिस्तूनच्या कड्यावर चढून दारियसचा लेख उतरवून घेत होता. बाबिलोनी भाग मात्र इतक्या अवघड जागी होता की तिथे त्याचाही पाय पोचेना. शेवटी १८४७ मध्ये एका कुर्दी मुलानं खडकाच्या फटीत लाकडी खुंट्या ठोकल्या, दोराला लटकत तो कडा ओलांडला आणि ओल्या कागदावर अक्षरांचे ठसे घेतले. इतिहासानं त्या मुलाचं नाव लिहून ठेवलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. रॉलिन्सनचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे.

ग्रोटेफेंडची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती तर आपल्या बाजूची आहे. 'विश्तास्प' हा उच्चार त्याला कुठून मिळाला? ग्रीक लोक तर हिस्तास्पेस म्हणायचे. तो मिळाला पारशी लोकांच्या धर्मग्रंथातून, अवेस्तामधून. जरथुष्ट्र या धर्मसंस्थापकाला ज्या राजानं आसरा दिला त्याचंही नाव विश्तास्प होतं. आणि अवेस्ता युरोपात पोचला तो सुरतेहून. अँकेतील-द्युपेराँ नावाचा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेत आला, तिथल्या पारशी दस्तुरांपाशी बसून शिकला, आणि १७७१ मध्ये त्यानं आपलं भाषांतर पॅरिसमध्ये छापलं. दस्तुर म्हणजे पारशांचे धर्मगुरू. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते ग्रंथ जपले नसते तर दारियसचं कुलूप उघडायला आणखी किती वर्षं लागली असती!

"पण मामाजी," भाचीनं मध्येच अडवलं, "बख्त आणि भाग्य भाऊ कसे ते सांगणार होता ना?"

सांगतो. तुम्ही झाडीपट्टीतले असाल तर तुमच्या बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं आणि 'कोण'चं 'कोन'. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'काळा'चा 'काया'. हे कुणी चुकतं म्हणून होत नाही. ते नेमानं होतं. ण आला की न, ळ आला की य. असा नेम सापडला की तुम्हाला न ऐकलेला शब्दही ओळखता येतो. भाषांचा अभ्यास याच नेमावर उभा आहे.

अवेस्ताची भाषा आणि वेदांची भाषा या दोघी बहिणी. दोघींची आई एक, ती कुणी लिहून ठेवली नाही. संस्कृत बिघडून इराणची भाषा झाली, किंवा उलटं झालं, असं समजू नका. एका घरातून निघून दोघी वेगळ्या वाटांनी गेल्या. त्यांच्यातला सगळ्यात ठळक नेम असा : शब्दाच्या सुरुवातीला किंवा दोन स्वरांच्या मध्ये आपल्याकडे स असेल तर तिकडे ह. सोम तिकडे हओम. असुर तिकडे अहुर. पारशांच्या देवाचं नाव अहुर मझ्द, त्यातला अहुर हाच. सप्त तिकडे हप्त. सिंधु तिकडे हिंदु! दारियसच्या लेखांत सिंधूच्या प्रदेशाचं नाव हिदुश असं येतं. ग्रीकांनी त्यातला ह खाल्ला आणि इंडिया झालं. हिंद, हिंदी, इंडिया, सगळे शब्द एका नदीचे. पण प्रत्येक स चा ह होत नाही हं. पुढे त असेल तर स टिकतो : संस्कृतातलं अस्ति अवेस्तातही अस्तिच आहे.

आता तुमच्या घरात बघा. गावात हरिनाम सप्ताह बसतो, आणि बाबा गाडीचा हप्ता भरतात. सप्ताह आपल्या बहिणीचा, हप्ता तिच्या बहिणीचा. पूजेच्या पोथीत सहस्र, बाजारात हजार. तेही तसंच. बख्त आणि भाग्यही याच दोन बहिणींची लेकरं, दोघांचं मूळ 'वाटा, हिस्सा' या अर्थाच्या एका शब्दात आहे.

पारशी लोकांची तीन शब्दांची शिकवण प्रसिद्ध आहे : हुमत, हुख्त, हुवर्श्त. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगलं काम. हु म्हणजे आपला सु. मग हुख्त म्हणजे? सु अधिक उक्त. सूक्त! तुमच्या आजोबांच्या पोथीतलं पुरुषसूक्त आणि अग्यारीतला, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरातला, हुख्त हे एकाच घडणीचे शब्द आहेत. पारशी लोक रोजच्या प्रार्थनेचं जे छोटं पुस्तक वापरतात त्याचं नाव खोरदेह अवेस्ता, म्हणजे धाकटा अवेस्ता. खोरदेह म्हणजेच खुर्द. गावाच्या पाटीवरचा 'खु.'!

एक सावधगिरी मात्र बाळगा. सारखं दिसलं की नातं आहे असं म्हणून मोकळं होऊ नका. फारसीत बद म्हणजे वाईट, म्हणून आपल्याकडे बदनाम. इंग्रजीत बॅड म्हणजेही वाईट. जुळे भाऊ वाटतात ना? पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. नेम लागला पाहिजे, आणि तो दहा शब्दांना लागला पाहिजे. मगच नातं.

दारियसच्या घराण्यानंतर इराणात आणखी साम्राज्यं झाली. शेवटचं मोठं सासानी घराणं, इ. स. २२४ ते ६५१. त्यांच्या काळात जरथुष्ट्राचा धर्म हा राज्याचा धर्म होता. अरबांनी ते राज्य जिंकलं, आणि नंतरच्या काळात जरथुष्ट्राला मानणारे काही लोक जहाजांतून गुजरातच्या किनाऱ्याला, संजाणला उतरले. पार्स प्रांतावरून ते पारशी. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यात त्यांनी इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये इराणातल्या जुन्या पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलेली आजही दिसतात. आपला पवित्र अग्नी त्यांनी संकटाच्या काळात डहाणूजवळच्या बाहरोट गुहांमध्ये बारा वर्षं लपवून जपला, असं त्यांची परंपरा सांगते. तो अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे.

त्याच लोकांपैकी एक जण भंडाऱ्याच्या शेजारी आला. जमशेटजी टाटा. नागपूरला त्यांनी कापडाची एम्प्रेस मिल उभी केली, ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्यांच्या नावाकडे पाहा. जमशेद हे अवेस्तातल्या 'यिम ख्शएत' या नावाचं आजचं रूप. यिम हा विवंघ्वंतचा मुलगा. आणि आपला यम? विवस्वंताचा मुलगा! तिकडे तो सुखाच्या काळाचा राजा झाला, इकडे मृत्यूचा देव. इराणात लोक पर्सेपोलिसच्या अवशेषांना अजून तख्त-ए-जमशेद म्हणतात. जमशेदचं सिंहासन.

परतीच्या प्रवासात भाचीला मी पवनीला नेलं. उत्तरेकडच्या डोंगरीतला शब्द कागदावरून आला होता, दक्षिणेकडे पवनीत एक शब्द दगडावर सापडलेला आहे. पवनी म्हणजे वैनगंगेकाठचं फार जुनं नगर. मातीची उंच तटबंदी, खंदक, आणि १९६९-७० च्या सुमारास जगन्नाथ टेकडीवर खणताना निघालेला बौद्ध स्तूप. याच पवनीत एक दगडी खांब मिळाला. तो छायास्तंभ आहे, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभारलेला. साधारण दुसऱ्या शतकातल्या ब्राह्मी अक्षरांत त्यावर नाव आहे : महाक्षत्रप कुमार रूपिअम्म. खांब आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, आपल्या अजब बंगल्यात. कुमार हा नावाचाच भाग, की तो महाक्षत्रपाचा मुलगा होता म्हणून कुमार, यावर विद्वान दोन्ही बाजूंनी बोलतात.

क्षत्रप कोण? दारियसनं आपलं राज्य प्रांतांत वाटलं होतं, आणि प्रत्येक प्रांतावर एक अधिकारी नेमला होता. त्याची पदवी होती ख्शथ्रपावन. राज्याचा रक्षक. ग्रीकांनी तिचं सत्रप केलं. पुढे मध्य आशियातून शक आले, तेही इराणी कुळातलीच एक भाषा बोलणारे. ही पदवी लावून त्यांनी गुजरात, माळवा आणि नाशिकच्या बाजूला राज्य केलं. त्यांच्यातल्या नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं, आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे शिक्के मारले. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर हे शिक्के आहेत. ती पदवी घेतलेला एक जण, किंवा त्याचा मुलगा, इतक्या पूर्वेला, वैनगंगेच्या काठी कायमचा राहिला.

तटबंदीवर बसून आम्ही शब्द फोडला. क्षत्र म्हणजे राज्य. प म्हणजे राखणारा. भाचीनं बोटं मोजत सांगितलं, "गोप, भूप, नृप." अगदी बरोबर. मग मी तिला ख्शथ्र शब्दाचं इराणात पुढे काय झालं ते सांगितलं. सुरुवातीचा ख गळला, उरला श. थ्र चा झाला ह्र. शह्र. आधी अर्थ राज्य, मग राज्यातलं मोठं नगर.

ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली. मग एकदम म्हणाली, "शहर?"

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. गावाबाहेर मैलाचे दगड मागे पडत होते आणि ती खिडकीतून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. 'भंडारा शहर' अशी पाटी आली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली.